उष्मांक, कॅलरी, किलोकॅलरी, ज्यूल: नेमकं काय म्हणायचं?

प्रश्न: बहिणीने मेलबर्नहून बिस्किटांचे पुडे पाठवलेत. मागच्या तक्त्यात १०० ग्रॅमला २०९० किलोज्यूल असं छापलंय, कॅलरीचा उल्लेखच नाही. आईला मधुमेह आहे आणि तिच्या आहाराचा तक्ता उष्मांकात आहे. ४.१८ ने भागून पुन्हा हजारानेही भागायचं का? आणि उष्मांक म्हणजे कॅलरी की किलोकॅलरी?

प्रतिसाद: हजार मध्ये आणू नका, 'किलो' दोन्हीकडे आहे. २०९० भागिले ४.१८४, म्हणजे जवळपास ५०० किलोकॅलरी. आईच्या तक्त्यातले ५०० उष्मांक ते हेच.

घोळ आहे तो 'कॅलरी' या शब्दात. एक ग्रॅम पाणी एक अंश सेल्सिअसने तापवायला लागते ती छोटी कॅलरी. एक किलो पाण्याला लागते ती मोठी, म्हणजेच किलोकॅलरी. पॅरिसमध्ये निकोला क्लेमां १८२० च्या आसपास व्याख्यानांत हा शब्द वापरत, तेव्हा त्यांना किलोचीच कॅलरी अभिप्रेत होती. आहारशास्त्राने ती मोठी उचलली, प्रयोगशाळेत छोटी रुजली. इंग्रजीत मोठीसाठी पहिलं अक्षर कॅपिटल लिहायची पद्धत आहे. देवनागरीत तशी सोय नाही, त्यामुळे 'एका पोळीत १०० कॅलरी' हे वाक्य शब्दशः घेतलं तर हजारपटीने चुकतं. बोलताना चालून जातं, पण लिहिताना किलोकॅलरीच लिहावं असं माझं ठाम मत आहे, विशेषतः रुग्णाच्या हातात जाणाऱ्या कागदावर.

प्रश्न: मग 'या बिस्किटांचा उष्मांक २०९० किलोज्यूल' हे चूक ठरेल का?

प्रतिसाद: मुळीच नाही. गुणांक, निर्देशांक यांसारखाच उष्मांक. पदार्थातून किती ऊर्जा मिळते ते सांगणारा आकडा. तो कुठल्याही एककात सांगता येतो. वीजकेंद्रातले लोक कोळशाचाही उष्मांकच बघतात. आपल्याकडे कोळशाची प्रतवारी किलोकॅलरी प्रति किलोग्रॅमवर होते, ७००० च्या वर गेला की जी-१. म्हणून '५०० उष्मांक' असं एककासारखं वापरलं की मला खटकतं, पण मासिकांतून आणि दवाखान्यांतून ते इतकं रूढ झालंय की आता चूक म्हणवत नाही. फक्त तिथे किलोकॅलरी गृहीत असते, हे ध्यानात ठेवायचं.

दुसरा प्रतिसाद: ज्यूलबद्दल थोडं. जेम्स प्रेस्कॉट ज्यूल हा मँचेस्टरजवळच्या सॅलफर्डचा, घरचा धंदा बिअर गाळण्याचा. दोरीला वजनं लावून ती खाली सोडायची, त्यांच्या ओढीने पाण्यातली वल्ही फिरवायची आणि पाणी किती तापलं ते मोजायचं, हा त्याचा प्रयोग. तापमानातली वाढ इतकी सूक्ष्म की थर्मामीटर अतिशय नाजूक लागे. उष्णता आणि यांत्रिक काम यांचा हिशेब एकच आहे, हे त्याने आकड्यांत दाखवलं. त्यामुळे ज्यूलमध्ये बिस्किटं, वीज, पडणारा दगड सगळंच मोजता येतं. १९४८ साली वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने उष्णतेसाठीही ज्यूल ठरवला. ऑस्ट्रेलियाने तो खाद्यपदार्थांच्या वेष्टनांवर आणला, आपण किलोकॅलरीवर राहिलो. आपल्या घरच्या विजेचं एक युनिट म्हणजे ३६०० किलोज्यूल, साधारण ८६० किलोकॅलरी.

प्रश्न: ४.१८४ की ४.१८६८? दोन पुस्तकांत दोन आकडे दिसले.

प्रतिसाद: दोन्ही बरोबर. पाण्याला एक अंश चढवायला लागणारी उष्णता सुरुवातीच्या तापमानानुसार किंचित बदलते. म्हणूनच शालेय व्याख्येत '१४.५ ते १५.५ अंश' असं मुद्दाम म्हटलेलं असतं. पुढे पाण्याचा आधार सोडून कॅलरी थेट ज्यूलमध्येच बांधली: रसायनशास्त्रात ४.१८४, अभियंते वापरतात त्या वाफेच्या गुणधर्मांच्या तक्त्यांत ४.१८६८. स्वयंपाकघरात ४.२ ने भागलंत तरी पुरे.

आईसाठी एकच सांगतो. १२ ग्रॅमचं एक बिस्कीट म्हणजे सुमारे २५० किलोज्यूल, ६० किलोकॅलरी. पण मधुमेहात त्याच तक्त्यातला कर्बोदकांचा रकाना आधी वाचा. तो ग्रॅममध्येच असतो, तिथे काहीही बदलून घ्यावं लागत नाही.