'खो'वरून खोपरा पॅटीस: तुमच्या घरातली नावं सांगा

गेल्या मंगळवारी दादाला मुलगी झाली. गुरुजींनी पत्रिका मांडली: श्रवण नक्षत्र, चौथं चरण, अक्षर 'खो'. खी, खू, खे, खो ही श्रवणाच्या वाट्याची अक्षरं, त्यात माझ्या भाचीचा काय दोष? पण घर इंदुरातलं, तेही रामबागेतलं, आणि समोर सकाळचे पोहे. वहिनीच्या भावाने तोंडातला घास न संपवताच 'खोपरा पॅटीस' म्हटलं आणि तेव्हापासून पोर पॅटीसच झाली आहे. आई चिडते. "अरे, लक्ष्मी आलीय घरात, पॅटीस काय म्हणून राहिलात!" आणि दोन मिनिटांनी स्वतःच विचारते, "पॅटीस झोपली का गं?"

आत्या मी, त्यामुळे बाराव्या दिवशी तिच्या कानात कुर्रर्र करायचं मी आणि पाठीत धपाटे खायचे तेही मीच. तोवर जरा मन रमवा. खाण्यापिण्यावरून, भांड्याकुंड्यांवरून ज्यांना नावं पडली किंवा ज्यांनी ती पाडली, त्यांनी लिहा. सही घरातल्या नावाने करायची, एवढीच अट.

माझी सही: कैरी. जन्म मे महिन्यातला, आणि स्वभावही म्हणे तसाच.

लोट्याची बायको

लग्नात मला उखाणा घ्यायला लावला तेव्हा यांचं घरातलं नाव माझ्या कानावर पडून तासही झाला नव्हता. हे लहानपणी पितळेच्या एका लोट्याशिवाय पाणीच प्यायचे नाहीत. प्रवासातसुद्धा तो लोटा पिशवीत. म्हणून लोटा. मामेसासूबाई म्हणाल्या, कागदावरचं नाव कोणीही घेईल, तू खरं घे. मग काय, घेतलं:

चांदीच्या ताटात भुट्ट्याचा कीस मोठा,
बाहेर असतील साहेब, घरात मात्र लोटा.

मांडवात अर्धे पाहुणे हिंदी. त्यांना 'बिनपेंदी का लोटा' आठवला आणि सासरे दिवसभर समजावत फिरले की मुलगा तसा नाही, स्थिर आहे, बँकेत आहे.

बरणी

कारण विचारू नका. चौथीतला फोटो पाहिलात तर कळेल.

पळीची आजी

आमच्या सुनेने मोबाइलवर यादी पाहून नाव ठरवलं, 'दर्वी'. उर्वी, पूर्वी, दर्वी, कानाला गोडच. पण आमच्या यांनी जन्मभर शाळेत संस्कृत शिकवलेलं. चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, "दर्वी म्हणजे पळी." सगळे गप्प. तेवढ्यावर थांबतील तर ते मास्तर कसले! पुढे सुभाषितही सांगितलं, चार वेद वाचूनही ज्याला स्वतःची ओळख पटत नाही तो दर्वीसारखा, सगळ्या स्वयंपाकात बुडते पण चव कशाचीच कळत नाही.

सून जराही हलली नाही. म्हणाली, "बाबा, पळीशिवाय वाढणार कशाने?" नाव राहिलं. आता पोरगी रडायला लागली की हेच सगळ्यांत आधी उठतात, "पळी वाजली गं."

यांचं म्हणणं असं, की संस्कृतात बाळ आणि खाणं मुळातच लांब नाहीत. अमरकोशात बाळासाठी जे शब्द आहेत त्यांत 'पाक' आहे आणि 'पृथुक'ही आहे. पृथुक म्हणजे पोहेसुद्धा! इंदुरात मुलगा झाला तर दुसरं नाव शोधायलाच नको. पुतण्याला मुलगा झाला तेव्हा यांनी ते खरंच सुचवलं होतं. पण त्याच्या सासरी हिंदी, त्यांना ते 'पृथक' ऐकू आलं. बारशालाच वेगळं निघायची भाषा नको म्हणून रद्द झालं.

रवी (हे खरंच नाव आहे)

आजोबांनी सूर्य म्हणून ठेवलं. आजी रोज सकाळी ताक करताना ओरडायची, "रवी कुठे मेली?" मी म्हणायचो, मेली नाही, मेलो नाही, इथेच आहे.

लाडू

बाबा नोंदणीला गेले. खिडकीतल्या माणसाने विचारलं, "बच्ची का नाम?" बाबा भोळे, म्हणाले, "अभी तो लड्डू ही बोलते हैं." त्याने लिहिलं. दाखल्यावर 'लड्डू', पुढे बाबांचं नाव आणि मग आमचं आडनाव, जे 'तुपे' आहे. खोटं वाटेल, पण आहे.

खरं तर नावाची जागा कोरी ठेवून नोंद करता येते. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात तशी सोय आहे आणि १२ महिन्यांच्या आत नाव घातलं तर पैसेही पडत नाहीत. हे बाबांना कळलं तेव्हा मी दहावीत होते आणि वर्गात माझी हजेरी 'लड्डू तुपे' अशी लागून गेली होती. कैरी, दादाला सांग, खिडकीपाशी गप्प उभा राहा.

कैरी

सांगितलं. तो म्हणाला, मी वहिनीला पाठवतो. म्हणजे त्याच्या बायकोला. घाबरला की तिला वहिनी म्हणतो.

सुपडूची नात

हसत हसत वाचत होते, पण आमची गोष्ट जरा वेगळी आहे. माझ्या आजोबांचं नाव सुपडू. टोपणनाव नव्हे, खरं. आमच्या खानदेशाकडे ते सर्रास. आजोबांच्या आधीची तीन भावंडं गेली होती. हे झाले तेव्हा पणजीने त्यांना सुपात घातलं आणि सूप उंबऱ्याबाहेर ठेवलं. शेजारणीने उचललं, माझं म्हणाली, आणि मग मूठभर ज्वारी घेऊन पणजीला 'विकलं'. सटवीला वाटावं, ही टाकलेली वस्तू, हिच्याकडे कशाला पाहा. दगडू, धोंडू, केरू, उकिर्डा ही नावं त्यातलीच. वाईट नाव ठेवायचं ते पोर टिकावं म्हणून.

आजोबा टिकले, चांगले एक्क्याऐंशी वर्षं. मिलच्या कामाला इंदुरात आले. मालवा मिलच्या हजेरीत सगळे त्यांना 'सूपडा भाऊ' म्हणायचे. त्यांनी कधी दुसरं नाव लावलं नाही. ते सूप आमच्याकडे अजून आहे, कडेची वेताची बांधणी दोनदा बदलली, एका बाजूने काळं पडलंय. आजी त्यात धान्य पाखडू द्यायची नाही.

निवडणुकीचे निकाल टीव्हीवर लागले की हिंदी बातमीदार ओरडायचा, अमक्या पक्षाचं 'सूपडा साफ'. आजोबा खाटेवरून म्हणायचे, "पुन्हा? मला किती वेळा साफ करून राहिले हे!"

डब्बू

सुपडूआजोबांना नमस्कार. माझ्या नावामागे काही नाही, मी पत्र्याच्या डब्यात डोकं अडकवून घेतलं होतं. कल्हईवाल्याने कापून काढलं.

कैरी

बारसं काल झालं. पत्रिकेत 'खो'चं नाव गुरुजींनी काय लिहिलं ते सांगत नाही, तशी पद्धतच नाही. आधी वरवंट्याला कुंची घातली, काजळाची तीट लावली, आणि कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या करत पाळण्याखालून फिरवला. दादाचा मोठा, पाच वर्षांचा, हे सगळं डोळे फाडून बघत होता. त्याने विचारलं, "आत्या, याचं नाव काय?" इतकी बारशी पाहिली, पण वरवंट्याचं नाव कोणी विचारलेलं मी तरी ऐकलं नव्हतं. मी काही बोलायच्या आत त्यानेच जाहीर केलं, जिरावन. पोह्यांवर भुरभुरायचा आमचा इंदुरी मसाला! सगळ्या बायकांनी जिरावनला हातात घेऊन मग पॅटीसला घेतलं.

मी कानात सांगितलं, रेवा. नर्मदेचं नाव. वहिनीचं माहेर महेश्वरचं, म्हणून तिला हवं होतं. सगळ्यांनी वा वा केलं, मला धपाटे मिळाले, घुगऱ्या वाटल्या गेल्या. आणि वहिनीचा भाऊ, तोच तो, घुगऱ्या चावत म्हणाला, "म्हणजे जलूदहून ७० किलोमीटर पाइपातून इंदुरात आपल्या नळाला येते ती? अखेर नळावरूनच ठेवलंत की नाव!"

आज सकाळी आईने चटणीसाठी पाटा काढला. भाचा वरवंटा पोटाशी धरून बसलाय. म्हणतो, जिरावन झोपलाय, मिक्सर लाव.