बेडेल-सिव्हराइटचे मोठेपण कशावरून ठरवायचे?

मूळ मांडणी

स्कॉटिश रग्बीपटू डेव्हिड बेडेल-सिव्हराइटचा विषय निघाला की एडिंबराच्या प्रिन्सेस स्ट्रीटवर त्याने गाडीच्या घोड्याला टॅकल करून आडवे केल्याची आख्यायिकाच आधी सांगितली जाते आणि तिच्यापुढे त्याचा खेळ झाकोळतो, याचे मला मनापासून वाईट वाटते. १९०० ते १९०८ या काळात हा फॉरवर्ड, म्हणजे चेंडूसाठी पुढे झुंजणाऱ्या फळीतला खेळाडू, स्कॉटलंडकडून २२ सामने खेळला. इंग्लंड, वेल्स आणि आयर्लंड या तिघांनाही एकाच मोसमात हरवून स्कॉटलंडने १९०१, १९०३ आणि १९०७ मध्ये ट्रिपल क्राउन मिळवला, त्या तिन्ही संघांत तो होता. १९०४ मध्ये त्याच्या नेतृत्वाखाली गेलेला ब्रिटिश संघ ऑस्ट्रेलियातले चौदाही सामने जिंकला. त्या पिढीत त्याच्या तोडीचा स्कॉटिश फॉरवर्ड मला तरी दिसत नाही.

प्रतिसाद १

असहमत. १९०४ च्या विजयांचे श्रेय आधी पर्सी बुश, ऱ्हीस गेब, विली लेवेलिन आणि टेडी मॉर्गन या वेल्सच्या चपळ बॅक (मागच्या फळीतल्या) खेळाडूंना द्यायला हवे. बेडेल-सिव्हराइट दुखापतीमुळे पहिल्या कसोटीनंतर (म्हणजे देशाच्या संघाविरुद्धच्या सामन्यानंतर) एकही कसोटी खेळला नाही आणि नेतृत्व मॉर्गनकडे गेले. शिवाय त्याच दौऱ्यात ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसलला झालेल्या सामन्याचे काय? अपशब्द वापरल्याच्या आरोपावरून पंचांनी ब्रिटिश संघाच्या डेनिस डॉब्सनला बाहेर काढले, तेव्हा या कर्णधाराने अख्खा संघच मैदानाबाहेर नेला. पंचाचा निर्णय चुकीचा वाटला तरी तो पाळायचा असतो, आणि कर्णधाराने तर पाळायचाच असतो.

मूळ लेखकाचे उत्तर

संघ वीसेक मिनिटांनी परतला, डॉब्सनशिवाय खेळला आणि जिंकला, हेही सांगायला हवे. आपल्या खेळाडूवरचा आरोप खोटा आहे अशी ज्याची खात्री आहे, त्या कर्णधाराने गप्प बसावे असे मला वाटत नाही. खेळ कायमचा सोडला असता तर मात्र मीही त्याला दोष दिला असता.

प्रतिसाद २

मला वेगळीच भीती वाटते. पहिल्या महायुद्धात नौदलाचा शल्यचिकित्सक म्हणून तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीत असताना कीटकदंशानंतर रक्तात विषबाधा होऊन ५ सप्टेंबर १९१५ रोजी तो वारला आणि त्याला समुद्रातच दफन केले गेले. त्या मृत्यूविषयी मला आदर आहे, पण त्याच्या आधाराने मैदानावरच्या दांडगाईवर पांघरूण घालणे योग्य नाही. समोर आलेल्याची तो पर्वा करत नसे, असे त्याच्याबद्दल कौतुकाने लिहिले जाते, पण त्या आडदांडपणात जे जायबंदी झाले असतील, त्यांच्या बाजूने कोण लिहिणार?

मूळ लेखकाचे उत्तर

युद्धातला मृत्यू मी मुद्दामच मांडणीत आणला नव्हता. मला १९०५ चा, एडिंबरातल्या इन्व्हर्लीथ मैदानावरचा न्यूझीलंडविरुद्धचा सामना महत्त्वाचा वाटतो. त्या न्यूझीलंड संघाने आयर्लंड आणि इंग्लंड दोघांनाही १५-० असे लोळवले, आणि कसोटीत त्याला हरवले ते फक्त वेल्सने. बेडेल-सिव्हराइटच्या नेतृत्वाखालचा स्कॉटलंड मात्र मध्यंतराला ७-६ असा पुढे होता आणि अखेरच्या टप्प्यातल्या ट्रायांमुळे (चेंडू गोलरेषेपलीकडे टेकवून मिळवलेल्या गुणांमुळे) १२-७ असा हरला. एवढी झुंज नुसत्या दांडगाईच्या बळावर देता येत नाही. त्यासाठी स्क्रम, म्हणजे चेंडूसाठी एकमेकांना रेटणारा फॉरवर्डांचा जमाव, शिस्तीने एकजुटीने रेटावा लागतो, आणि त्या दिवशी त्या फळीचा म्होरक्या तोच होता.