पाण्यावर मायलेज वाढवणाऱ्यांना माझा हिशेब

शंकासुर
'पिकअपवाला' यांचं घरगुती एचएचओ किटचं (विजेने पाणी फोडून हायड्रोजन-ऑक्सिजन काढायचा डबा) लिखाण कालपासून फिरतंय. कापून आणलेल्या स्टीलच्या प्लेटा, प्लास्टिकचा डबा, पाण्यात कॉस्टिक, बॅटरीची वायर, आणि निघणारा वायू आरओच्या नळीने एअर फिल्टरच्या पुढे सोडायचा. तीन हजारांत काम, अन् बारा देणारी गाडी सतरा देते म्हणे. गप्प बसणार होतो. पण खाली 'दादा, डायग्राम टाका'ची रांग लागलीय, त्यात इंजिनियर पोरंही आहेत, म्हणून लिहितो.

गाडी चालू असताना अल्टरनेटर, म्हणजे इंजिनाच्या जोरावर वीज बनवणारं यंत्र, १४ व्होल्टच्या आसपास देतो. किट २० अँपियर ओढतं, म्हणजे २८० वॉट. सहा सेल सिरीजमध्ये धरा. किती विजेतून किती वायू हे सांगणाऱ्या फॅरेडेच्या नियमाने तासाला साधारण ७५ लिटर वायू निघतो, त्यातला हायड्रोजन ५० लिटर. आकडा भारी वाटतो ना? वजन करा, साडेचार ग्रॅम. त्यातली उष्णता १५ मिली डिझेलइतकी. खोकल्याच्या औषधाचं एक झाकण.

आता ते २८० वॉट आले कुठून? अल्टरनेटर आपल्याला मिळालेल्या ताकदीतली निम्मी वाया घालवतो, इंजिन डिझेलमधली जवळपास दोन-तृतीयांश. उलटं मोजत गेलात तर तासाला दीडशे मिलीच्या आसपास डिझेल जाळून आपण १५ मिली कमावतोय. हा धंदा ज्याला परवडतो त्याने खुशाल करावा.

पिकअपवाला
आलात का पाटी-पेन्सिल घेऊन! साहेब, तुम्ही कागदावर गाडी चालवता, मी चिपळूण-कऱ्हाड चालवतो. मोजमाप टाकी फुल ते टाकी फुल, पंपही तोच. माल भरून कुंभार्ली घाट चढताना जिथे दुसरा गिअर पाडावा लागायचा तिथे आता तिसऱ्यात निघते. आणि गाडी हायड्रोजनवर चालते असं मी कुठं म्हटलंय? हायड्रोजन झटकन पेटतो, त्याच्या जोरावर डिझेल पूर्ण जळतं. सायलेन्सरमध्ये बोट घालून काजळी लागते का बघा, मग बोला.

शंकासुर
'पूर्ण जळतं' हेच तर या किटवाल्यांचं हुकमी वाक्य. धड चालणाऱ्या इंजिनात ९८ टक्क्यांच्या वर इंधन जळूनच जातं. उरलेल्या दोनातून तुम्ही जवळपास तीस टक्के बचत काढताय. तोटा होतो तो उष्णतेत, रेडिएटरमधून नि सायलेन्सरमधून, आणि तिथे तुमचा डबा काहीच करत नाही. बरं, किट बसवताना फिल्टर बदलला होतात का? टायरची हवा बघितली होतीत का?

पिकअपवाला
फिल्टर बदलला होता. मग? फिल्टरने पाच किलोमीटर वाढतात का?

शंकासुर
फिल्टर, हवा, आणि नवं खेळणं बसवल्यावर अ‍ॅक्सिलरेटरवर हलका पडलेला पाय. तिन्ही मिळून बरंच काही वाढतं.

स्पॅनर
आम्ही रोज हात काळे करणारी माणसं, म्हणून दोन शब्द. असलं किट लावलेली एक पेट्रोल गाडी आमच्याकडे आली होती. कॉस्टिकऐवजी कुणीतरी खायचा सोडा घालायला सांगितलेला. डबा उघडला तर आत विटकरी गाळ, प्लेटांना खड्डे. स्टीलमधलं क्रोमियम असं सुटतं, आणि ते विषारी असतं; लोक ते मोरीत ओततात. बबलरमधलं (आग मागे येऊ नये म्हणून वायू ज्या पाण्यातून सोडतात ती बाटली) पाणी आटलेलं, ते कुणी बघितलंच नाही. बॅकफायर नळीतून मागे आला आणि डबा फुटला. बॉनेटच्या आतल्या बाजूला सोड्याचं पाणी उडाल्याचे पांढरे ओघळ होते. नशीब, त्या वेळी कुणी वाकून बघत नव्हतं.

दुसरं म्हणजे ती छोटी डबी, जी ऑक्सिजन सेन्सरच्या वायरीत घालतात. तिच्यामुळे ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, वाटतं मिश्रण रिच (पेट्रोल जास्त) आहे, म्हणून ते पेट्रोल कापतं. थोडंफार मायलेज वाढलं तर ते त्या डबीने, पाण्याने नाही. पुढे इंजिन लीन (पेट्रोल कमी) चालून तापतं, नॉक्स म्हणजे धुरातले नायट्रोजनचे विषारी वायू वाढतात, मग गाडी आमच्याकडे येते. आमचं काय, आमचं पोट त्यावर चालतं.

जागे व्हा
हेच ऐकायचं होतं. अमेरिकेत स्टॅन्ली मेयरने पाण्यावर गाडी चालवली तर तेल कंपन्यांनी त्याला विष घालून मारलं. शोधा म्हणजे सापडेल.

शंकासुर
शोधलं. १९९६ मध्ये ओहायोच्या कोर्टाने त्याला फसवणुकीबद्दल गुंतवणूकदारांचे २५ हजार डॉलर परत करायला लावले. १९९८ मध्ये तो गेला, कॉरोनरने कारण दिलं मेंदूतली रक्तवाहिनी फुटल्याचं. तोच १९९६ आपल्याकडे झाडपाल्यापासून पेट्रोल बनवतो म्हणणाऱ्या तामिळनाडूच्या रामर पिल्लेच्या हर्बल पेट्रोलचाही. तिथेही शेवटी पेट्रोलियमच निघालं.

निवांत
हायड्रोजनला सरसकट झोडू नका. २०२० मध्ये दिल्लीच्या राजघाट डेपोतून ५० बस सीएनजीत १८ टक्के हायड्रोजन मिसळून चालवल्या होत्या. गडकरी २०२२ मध्ये हायड्रोजनच्या गाडीतून संसदेत गेले. ते सगळे येडे का?

शंकासुर
दिल्लीत सीएनजीतूनच हायड्रोजन काढून बसमध्ये भरत, बसच्या बॅटरीवर बनवत नसत. गडकरींच्या गाडीतही टाकीत भरून आणलेला हायड्रोजन होता. बाहेरून आणलेलं इंधन हे इंधन असतं. आपल्याच इंजिनाकडून उसनं घेऊन त्यालाच परत देणं हा निराळा प्रकार.

पेट्रोलत्रस्त
तुम्ही डब्यावर भांडत बसा. माणूस असल्या डब्याकडे का वळतो, ते कुणी विचारतंय? माझ्या जुन्या गाडीचं मायलेज ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) आल्यापासून बसलं. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा तिसरा हिस्सा उष्णता कमी. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच ई-१० साठी ट्यून केलेल्या जुन्या चारचाकीला ६-७ टक्के फटका लिहिलाय. दर मात्र पेट्रोलचाच. इथेनॉल बनवणारे साखर कारखानदार पोसायचे आमच्या टाकीतून.

ऊसकरी
आला का विषय उसावर! शहरातल्यांना मायलेज कमी झालं की ऊस दिसतो. १४ दिवसांत उसाचे पैसे द्यायचा नियम १९६६ पासून आहे. माझ्या वडिलांना पुढचा हंगाम सुरू होईपर्यंत पैसे मिळत नव्हते. इथेनॉलमुळे कारखान्याच्या हातात पैसा लवकर आला, तेव्हा कुठं बिलं वेळेत निघायला लागली. डिसेंबर २०२३ मध्ये सरकारने एका रात्रीत उसाच्या रसापासून इथेनॉल बंद केलं, तेव्हा तुम्ही कुठं होता?

पेट्रोलत्रस्त
पेट्रोल पंपावर होतो, पूर्ण पैसे मोजत. पाण्याचं काय बोलता? लातूरला २०१६ मध्ये रेल्वेने पाणी न्यावं लागलं, आणि त्याच मराठवाड्यात कारखाने धडाधड चालूच.

ऊसकरी
ती रेल्वे कुठून सुटली, माहितीय? मिरजेहून. उसाच्याच पट्ट्यातून. पाणी दिलं तेही आम्ही, शिव्या खायच्या त्याही आम्हीच. तुमच्या टाकीतलं ६ टक्के गेलं तर देश बुडाला, आमचं वर्षभराचं बिल थकलं तर 'शेतकरी सवयीने रडतो'!

पेट्रोलत्रस्त
तुमच्या थकलेल्या बिलाचं दुःख आहे. पण ते माझ्याकडून न विचारता का वसूल करताय? ई-०, म्हणजे बिनइथेनॉलचं पेट्रोल, वेगळं मिळू द्या, मी हवं तर जास्त मोजीन.

शंकासुर
इथे धागा कशाचा होता, आठवतंय का कुणाला?

पिकअपवाला
मला आठवतंय. आज गाडी उभी करून बघितलं. किट चालू केलं की आयडलिंगला आवाज खाली बसतो. हे एक मान्य, लोड येतो. लिहून ठेवा, फ्रेम करा. पण आवाज हेडलाइट लावल्यावरही बसतो. मग काय रात्री अंधारात घाट चढू?

शंकासुर
हेडलाइट तुम्ही मायलेज वाढवायला लावत नाही.
एक करा. किटच्या लाइनला स्विच टाका, तो दुसऱ्याच्या हातात द्या. चालू की बंद हे तुम्हाला कळता कामा नये. माल तेवढाच, रस्ता तोच, टाकी फुल ते टाकी फुल.

पिकअपवाला
मेव्हण्याच्या हातात देतो, त्याला तसंही दुसरं काम नाही. पण सतरा आलं तर इथे माझी जाहीर माफी मागायची. आणि डिझेलचं बिल तुमच्याकडे.

शंकासुर
माफी मंजूर. बिल अर्धं. उरलेलं पाण्यातून काढा.

स्पॅनर
भांडा निवांत, पण आधी बबलरमध्ये पाणी आहे का ते बघा.

ऊसकरी
आणि ते ई-० कोण देणार, किती रुपयाने, ते पेट्रोलत्रस्तांनी अजून सांगितलेलं नाही. मी इथंच बसलोय.