एसएलआर कॅमेरा निसटतो
इन्फ्रारेड प्रकाश टाकून कॅमेरा हुडकायचा आणि त्याच्यावर झोत मारायचा, मग फोटो काढणं बंदच, असं काही जण म्हणतात. इतकं सोपं नाही ते. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक विद्यापीठाच्या संशोधकांनी 2005 च्या सुमारास हेच करून दाखवलं होतं. कॅमेऱ्यातला सेन्सर, म्हणजे चित्र टिपणारी चकती, स्वतःवर पडलेला प्रकाश आल्या दिशेनेच परत फेकतो, रात्री मांजराचे डोळे चमकतात तसा. त्या चमकेवरून कॅमेऱ्याची जागा कळते. पण एसएलआरमध्ये, म्हणजे भिंगातून येणारं दृश्य आरशाने डोळ्याला दाखवणाऱ्या कॅमेऱ्यात, बटण दाबेपर्यंत सेन्सर आरशाआड असतो, मग चमकणार काय? शिवाय झोताने फोटोत फक्त पांढरा डाग पडतो, कॅमेरा बंद पडत नाही. आणि फिल्मच्या जुन्या कॅमेऱ्यात तर सेन्सरच नाही! तो खुशाल फोटो काढेल.