अ‍ॅनिमियाचा संयुक्त अभ्यास : संख्याशास्त्रज्ञाला बोलवायचं कधी?

संख्याशास्त्रवाला, बडोदा
मेडिकल कॉलेज, आहारशास्त्र, संख्याशास्त्र, तिन्ही एकाच सयाजीराव विद्यापीठाची. तरी आमच्याकडे फाईल येते ती रक्त काढून झाल्यावर! नमुना 384 बायकांचा. हा आकडा अ‍ॅनिमियाचं 50 टक्के प्रमाण आणि 5 टक्के चूक धरून येतो, पण बायका सुट्या सुट्या निवडल्या तरच. इथे त्या घेतलेल्या असतात 20 अंगणवाड्यांतून. एका वस्तीतल्या बायकांचं खाणंपिणं सारखंच, म्हणून डिझाइन इफेक्ट (गटागटाने निवडल्यामुळे नमुना जितक्या पट वाढवावा लागतो तो आकडा) 2 धरला की 768 लागतात. ही तूट नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने भरत नाही. प्रस्ताव एथिक्स कमिटीकडे जाण्याआधी आमची सही हवीच.

डॉक्टर, दांडिया बाजार
नाही पटत. एमडीच्या तीन वर्षांत ओपीडी आणि इमर्जन्सी ड्यूटी सांभाळून थिसिस होतो. 768 म्हटलंत की पोरगा विषयच बदलतो. प्रश्न लहान करा : एकाच ओपीडीतल्या गरोदर बायका, हिमोग्लोबिन 11 ग्रॅमखाली किती जणींचं, बस. शिवाय बोट दाबून थेंब काढला की ऊतींमधला द्रव मिसळतो, हिमोग्लोबिन खोटंच कमी दिसतं. अशा 768 पेक्षा शिरेतून घेतलेले 200 नमुने बरे.

संख्याशास्त्रवाला
शिरेतल्या रक्ताचं मान्य. पण 200 वर चूक 7 टक्क्यांपर्यंत जाते, आणि ओपीडी म्हणजे जिल्हा नव्हे. निष्कर्षात ‘वडोदरा जिल्ह्यातील महिला’ लिहू नका, मग माझी हरकत नाही.

आहारशास्त्रवाली
सर, तुम्ही दोघं आकड्यावर अडलात, घोळ होतो तो जोडणीत. डॉक्टरांच्या तक्त्यात केस पेपर नंबर, आमच्या 24 तासांच्या आहारनोंदीत घर क्रमांक. सामाईक काय, तर नाव. तेही एकीकडे ‘जशीबेन’, दुसरीकडे ‘जसोदाबेन’. पहिल्याच दिवशी बाईला एक क्रमांक द्या आणि तोच स्टिकर ट्यूब, संमतिपत्र, आहारपत्रक, तिन्हींवर लावा. ‘एक वाटी डाळ’ लिहूनही भागत नाही. घरचीच वाटी पाण्याने भरायची, ते पाणी मोजपात्रात ओतायचं. कुठे 100 मिली, कुठे 180. डाळीतल्या लोहाचा हिशोब तिथेच जवळपास दुप्पट होतो.

डॉक्टर, दांडिया बाजार
ताई, स्टिकरचं पटलं. वाटीचंही पटलं, पण घरोघरी जाऊन वाट्या मोजायचं काम रेसिडेंटच्या गळ्यात नको. त्यासाठी माणूस लागेल, त्याचा पगार प्रस्तावाच्या बजेटातच लिहा. आणि पेपरवर पहिलं नाव कोणाचं हेही त्याच बैठकीत ठरवून टाका. मग संख्याशास्त्राची सही घ्यायला मी स्वतः येतो.