अध्यापकांच्या बडतर्फीचे नियम : मसुद्यासाठी मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. विद्यापीठातल्या अध्यापकांना गंभीर गैरवर्तनासाठी बडतर्फ करण्याच्या नियमांचा मसुदा करतो आहे. कारणं युनेस्कोच्या १९९७ च्या शिफारशीवरून घेतली आहेत: कामात सतत हयगय, संशोधनात बनावट निष्कर्ष, गंभीर आर्थिक गैरव्यवहार, लैंगिक गैरवर्तन, पैसे घेऊन गुण वाढवणे. आरोपपत्र, लेखी खुलासा, साक्षीपुरावे, अहवालाची प्रत, अपील हा क्रमही ठरला आहे. आरोपपत्रात तारीख, ठिकाण आणि भंग झालेला नियम हवाच. ‘अशोभनीय वर्तन’ एवढंच लिहिलं तर माणूस बचाव कशाचा करणार?

अडलंय ते उलटतपासणीपाशी. तक्रारदार विद्यार्थिनी असेल तर तिला आरोपीसमोर बसवणं मला अन्यायाचं वाटतं. प्रश्न लेखी घेऊन चौकशी अधिकाऱ्याने विचारावेत, असं कलम घातलंय. पण उत्तरातून निघणारे उपप्रश्न कसे घ्यायचे? ती संधीच दिली नाही तर बचावाची संधी नाकारली म्हणून अपिलात सगळी कारवाई रद्द होऊ शकते.

दुसरं, बनावट संशोधनात तज्ज्ञ समितीचा अहवाल पुरावा म्हणून पुरतो, की तज्ज्ञांनाही साक्षीला बोलवावं? अशा चौकश्या चालवलेल्यांनी कलमाचे नेमके शब्द सुचवावेत, ही विनंती.