सासरच्या जमिनीखाली गॅस आहे, लीजवर सही करावी का?

रानजाई
नमस्कार मंडळी. प्रश्न जरा आडवाटेचा आहे, पण इथे तेल-गॅसमधली माणसं आहेत म्हणून विचारते.

माझं सासर पेनसिल्वेनियात, वॉशिंग्टन काउंटीत. नवरा तिथलाच, शेतकऱ्याचा मुलगा. ८० एकर जमीन आहे. बरीचशी गवताची, थोडं रान, आणि सासूबाईंनी हट्टाने ठेवलेल्या काही गाई. मार्सेलस शेल म्हणजे खोल जमिनीखालचा गॅस धरून ठेवणारा खडकाचा थर. त्यातली पहिली यशस्वी गॅस विहीर २००४ मध्ये याच काउंटीत लागली. तेव्हापासून आजूबाजूच्या बहुतेकांनी लीजवर, म्हणजे कंपनीला गॅस काढू देण्याच्या करारावर, सह्या केल्या. सासरे मात्र "मी गेल्यावर काय तो गोंधळ घाला" म्हणायचे. आता ते गेले, जमीन सासूबाई, नवरा आणि नणंद यांच्या नावावर आली आणि लँडमन दारात आला. (कंपनीसाठी जमिनी गोळा करणारा माणूस. आपल्याकडचा एजंटच, फक्त गाडी मोठी.)

सही केली की एकरी तीन हजार डॉलर बोनस, पुढे साडेबारा टक्के रॉयल्टी (निघालेल्या गॅसच्या पैशातला वाटा), मुदत पाच वर्षं. नणंदेच्या डोक्यावर कर्ज आहे, ती म्हणते घेऊन टाका. सासूबाईंचा जीव पाण्याच्या विहिरीत अडकलाय. घराला सरकारी नळ नाही. बोअरच्या पाण्यात लोह इतकं की सिंक कायम तांबूस, पण तेच पाणी गाईंना आणि तेच चहाला. याच राज्यातल्या डिमॉक गावाला २००९ च्या पहिल्याच दिवशी एका घरची पाण्याची विहीर मिथेन साठून उडाली, ते त्यांनी अजून डोक्यातून काढलेलं नाही. नवरा दोघींच्या मध्ये गप्प. आणि मी, जिच्या नावावर फूटभरही जमीन नाही, ती कागद वाचत बसले आहे, कारण "तू अकाउंटंट आहेस ना!"

काय करावं?

ड्रिलबाबा
ताई, आयुष्य विहिरी खोदण्यात गेलं, म्हणून थोडं स्पष्ट बोलतो.

मार्सेलस तुमच्याकडे सहा-सात हजार फूट खाली. गॅस सुटावा म्हणून त्या खडकात भेगा पाडतात, त्या वर तुमच्या बोअरपर्यंत येतील ही भीती सोडा. बिघडतं ते बहुधा वरच्या टप्प्यात. केसिंगमागचं (विहिरीत बसवलेल्या पोलादी नळीमागचं) सिमेंट नीट बसलं नाही की मधल्या थरांतला गॅस वाट काढत पाण्यात येतो. म्हणजे सासूबाई काळजी करतात ती योग्यच आहे, फक्त कारण वेगळं.

विहीर तुमच्याच शेतात हवी असं कुठे आहे? आडवं ड्रिलिंग शेजारच्या पॅडवरूनही (खोदकामासाठी सपाट केलेल्या जागेवरूनही) होतं. "नो सरफेस" लीज मागा: गॅस घ्या, पण आमच्या मातीवर पॅड नको, रस्ता नको, पाइप नको, पाण्याचं तळं नको. बोनस कमी होईल, होऊ दे.

पाण्याबद्दल कायदा बरा आहे. २०१२ च्या अॅक्ट १३ नुसार गॅस विहिरीपासून २,५०० फुटांच्या आत आणि काम झाल्यावर बारा महिन्यांच्या आत पाणी बिघडलं, तर दोष कंपनीचा असं धरूनच चालतात. आपला हात नाही हे तिने सिद्ध करायचं. पण कंपनीला आधी पाणी तपासू दिलं नाही, तर हा आधार निसटतो. बरेच जण रागाच्या भरात त्यांच्या माणसाला फाटकावरूनच परत पाठवतात.

खर्चवजा
ग्रीन काउंटीत आमचीही थोडी जमीन आहे, सही करून बसलोय. अकाउंटंटबाई, साडेबारा टक्के ही त्यांची मेहेरबानी नाही. १९७९ च्या कायद्याने तेवढी किमान द्यावीच लागते. आमच्या गावात पंधरा, अठरा मिळालेले आहेत.

आणि ती टक्केवारी कशावर? २०१० मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की गॅस सुकवणं, दाबणं, वाहून नेणं हे खर्च रॉयल्टी काढण्याआधी वजा करता येतात. आमच्या चेकसोबत वजावटीचं जे पान येतं ते चेकपेक्षा लांब असतं. वजावट नाही, असं लीजमध्येच लिहून घ्या. तोंडी "आम्ही तसं करत नाही" याला अर्थ नाही.

हिशेबही करून बघा. युनिट (एका विहिरीसाठी एकत्र केलेल्या सगळ्यांच्या जमिनी) ६४० एकरांचं धरलं तर तुमचे ८० एकर म्हणजे आठवा भाग, त्याचा साडेबारा टक्के म्हणजे पुन्हा आठवा. शंभर डॉलरच्या गॅसमागे दीड डॉलरच्या जरा वर, तेही वजावटीआधी. बोनस त्या वर्षीच्या उत्पन्नात धरला जाईल, त्यावरचा कर बाजूला ठेवा. नणंदेच्या हातात पूर्ण तीन हजार पडणार नाहीत.

पन्हाळकर
तुम्हाला निदान विचारतात तरी! इकडे भारतात आमच्या रानातून गॅसची पाइपलाइन गेली तेव्हा नोटीस आली, हरकत ऐकून घेतली आणि खोदकाम सुरू. १९६२ च्या कायद्याने जमीन नावावर आपलीच राहते, पण वापराचा हक्क त्यांचा. त्या पट्ट्यात घर बांधायचं नाही, विहीर पाडायची नाही, झाड लावायचं नाही. मोबदला जमिनीच्या बाजारभावाच्या दहा टक्के, पिकाची नुकसानभरपाई वेगळी. जमिनीखालचा गॅस तर आपल्याकडे सरकारचाच. तुम्ही भाव करू शकताय तर घासाघीस करा, लाजू नका.

रानजाई
सगळ्यांचे आभार. पन्हाळकर, हे सासूबाईंना सांगितलं तर त्या थक्क झाल्या. "झाडसुद्धा नाही?" असं परत परत विचारत होत्या.

एक शंका. काउंटीच्या कचेरीतली जुनी खरेदीखतं काढली. नवऱ्याच्या पणजोबांनी घेतली तेव्हाच खालचा कोळसा "आणि इतर मिनरल्स" आधीच्या मालकाने राखून ठेवलेत. मग गॅस आमचा आहे का मुळात?

ड्रिलबाबा
नुसतं मिनरल्स म्हटलं तर त्यात तेल-गॅस धरत नाहीत. पेनसिल्वेनियात १८८२ पासून असंच चालत आलंय आणि २०१३ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने ते पुन्हा उचलून धरलं. बहुधा तुमचाच. पण कोळशाच्या थरातला मिथेन कोळसेवाल्याचा. वकिलाकडून टायटल (मालकीहक्काचे कागद) तपासून घ्या, तेही कंपनीच्या वकिलाकडून नको.

आणि पाच वर्षं ही फक्त सुरुवात करायची मुदत बरं का. गॅस लागला की तो निघत राहील तोवर लीज जिवंत. तुमचे वीसच एकर युनिटमध्ये घेतले तर उरलेले साठ मोकळे व्हावेत, यासाठी प्यू क्लॉज घाला.

रानजाई
लँडमनला "नो सरफेस" म्हटलं तर आधी हसला, मग बोनस एकरी दोन हजारांवर आणला. वजावटीचं "ऑफिसला विचारतो" म्हणाला. नणंद नाराज आहे, पण पाण्याची तपासणी होईपर्यंत सही नाही हे तिने मानलं. गाई ज्या झऱ्यावर जातात तोही तपासायचा का?

ड्रिलबाबा
हो, झराही. मिथेन, क्लोराइड, बेरियम, स्ट्रॉन्शियम एवढं तरी हवंच. नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेच्या माणसानेच येऊन घ्यायचा. बरणीत भरून नेलेलं पाणी कोर्टात कुणी विचारत नाही.